खाडीची राखण
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



सातपाटी-मुरबे खाडीचा काठ आपण सर्वांनी पाहिला आहे. ओहोटी लागली की चिखलात तिवराची झाडे दिसतात आणि त्यांच्याभोवती पेन्सिली रोवाव्यात तशी मुळे वर आलेली असतात. पुष्कळांना ही झुडपे निरुपयोगी वाटतात. भराव घालून जागा कामी आणावी, असा विचार मनात येतो. वस्तुतः ती मुळे म्हणजे झाडाची नाके होत. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळे वर काढून श्वास घेते. त्याच मुळांच्या आडोशाला कोळंबी, बोय आणि चिंबोरीची पिल्ले वाढतात. वादळी लाटांचा जोरही तिथेच मोडतो.

नष्ट झालेले असे वन पुन्हा उभे करता येते काय? येते, परंतु नुसती रोपे लावून नव्हे. तामिळनाडूतील पिचावरम येथे पूर्वी सलग तोड झाली. जमीन खचली, खळग्यांत साचलेले समुद्राचे पाणी उन्हाने आटत गेले आणि मिठामुळे तिथे काही उगवेना. १९९० च्या दशकात वनखाते, स्वामिनाथन प्रतिष्ठान आणि गावकरी यांनी मिळून माशाच्या काट्यासारखे चर खणले, भरती-ओहोटीला वाट करून दिली आणि मग रोपे लावली. वन पुन्हा उभे राहिले. अडथळा दूर केला की निसर्ग आपले काम स्वतः करतो, हा त्यातील धडा आहे. मात्र बांध, भराव, सांडपाणी हे अडथळे दूर करणे एकट्यादुकट्याच्या हातचे नाही. ते सरकारचे काम आहे. त्याचे तीन भाग मी आपल्यापुढे ठेवतो.

पहिले काम राखणीचे. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनाची तोड थांबवली. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात, कांदळवन नष्ट करणे म्हणजे नागरिकांच्या जीविताच्या हक्काचा भंग होय, असे ठरवले. २०१२ मध्ये राज्याने खास कांदळवन कक्ष स्थापन केला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात महाराष्ट्रात १८६ चौरस किलोमीटर कांदळवन होते. २०२१ च्या अहवालात ते ३२४ झाले. त्यात लागवडीबरोबर आपसूक उगवलेल्या झाडांचाही वाटा आहे.

दुसरे काम पाणी स्वच्छ राखण्याचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातील सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र म्हणून आपल्या तारापूरचे नाव आले. निर्देशांक होता ९३.६९. त्यापूर्वीच, २०१६ मध्ये, मांगेला समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे धाव घेतली होती. आता हेही खरे की आपल्यापैकी कित्येक घरांची चूल बोईसरच्या कारखान्यांवर पेटते. माझ्या वर्गातील मुलांचे वडील तिथे पाळ्या करतात. कारखाने बंद करा, असे मी म्हणणार नाही. परंतु एकाच्या भाकरीसाठी शेजाऱ्याचे जाळे रिकामे राहावे, हा न्याय नव्हे. शुद्ध केल्यावाचून पाण्याचा थेंबही खाडीत जाऊ नये, ही तपासणी सरकारने रात्रीबेरात्रीही केली पाहिजे.

तिसरे काम गरिबाचा हक्क सांभाळण्याचे. आपल्या इतिहासात याचा उत्तम दाखला आहे. हजरत पैगंबर (स.) यांनी मदीनेजवळ नकी येथील कुरण सार्वजनिक कामासाठी राखून ठेवले. अशा राखीव भूमीला ‘हिमा’ म्हणत. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी हिमाच्या रखवालदाराला बजावले की ज्याच्याकडे थोडीच मेंढरे वा उंट आहेत त्याला आत येऊ द्यावे, धनवानांचे कळप मात्र अडवावेत. राखीव ठेवणे म्हणजे गरिबाला हाकलणे नव्हे! आपल्या राज्यानेही २०१७ पासून कांदळवनाच्या गावांतील गटांना खेकडापालन, कालवपालन यांसाठी साहाय्य देण्याची योजना आणली, ती याच मार्गाची आहे.

सरकार स्वतःही कधी तोड मागते. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर मिळून सुमारे २२ हजार कांदळ तोडण्यास उच्च न्यायालयाने परवानगी दिली. बदली लागवडीची जबाबदारी त्यासोबतच आली. ती रोपे कुठे लावली, तिथे भरतीचे पाणी पोहोचते का, किती जगली, हे विचारणे आपला हक्क आहे आणि फर्जही आहे.

पालकहो, घर बांधताना निघालेला राडारोडा खाडीत टाकू नका. विद्यार्थी मित्रांनो, खाजणात भराव पडताना दिसला तर तारीख, वार, जागा वहीत लिहा आणि वनखात्याकडे व तहसीलदारांकडे अर्ज करा. अर्ज लिहायला मी तुमच्या सोबत बसेन. कयामत आली आणि हाती रोप असले, तर तेही लावून टाकावे, अशी शिकवण आपल्याला मिळाली आहे. आपल्या हाती तर अजून वेळ आहे.