वादळात उडायला आसुसलेला ड्रॅगन: पंखांच्या आधी पाय

हेडफोन लावले असतील तर आवाज बेताचा ठेवा, कारण आज आपल्याकडे वादळ येणार आहे.

आज आपण एकाच चित्राबद्दल बोलणार आहोत. कड्याच्या टोकावर एक ड्रॅगन बसलाय, समोरून वादळ येतंय आणि त्याला उडायचंय. अजून उडालेला नाही हं. उडायचंय. हे डिजिटल पेंटिंग मी सहा आठवडे, ऑफिस सांभाळून, शनिवार-रविवार करतोय. दिवसभर मी बॅकएंडचा कोड लिहितो. शिक्षण बीटेक, चित्रकलेची डिग्री वगैरे काही नाही. त्यामुळे आज जे ऐकाल ते एका इंजिनिअरच्या डोक्यातून आलेलं आहे, हे आधीच सांगतो.

आता तुमच्यातले निम्मे जण मनात म्हणत असतील, "अरे, प्रॉम्प्ट टाक ना! दहा सेकंदांत ड्रॅगन मिळतो. सहा आठवडे कशाला?" प्रश्न रास्त आहे. येतो त्यावर. पण आधी ड्रॅगन बघू.

आसुसलेलं शरीर कसं दिसतं?

ड्रॅगन म्हटलं की आपण काय काढतो? पंख टराटरा पसरलेले, तोंड उघडं, मागे वीज. दिसायला भारी. पण पंख पूर्ण पसरले म्हणजे तो उडालाच की! त्याची इच्छा पूर्ण झाली. मग आसुसलेपण कुठे उरलं?

खो-खो खेळलात ना शाळेत? रांगेत बसलेला खेळाडू आठवा. पायाची बोटं मातीत रुतलेली, गुडघे दुमडलेले, हात जमिनीला टेकलेले, मान वर. अजून "खो" मिळालेला नाही. तो जागचा हललेला नसतो, तरी पुढच्या क्षणी उसळणार हे लांबूनही कळतं. मला माझ्या ड्रॅगनमध्ये तो खेळाडू हवा होता. म्हणून मी पंखांपासून सुरुवात केली नाही, पायांपासून केली.

आणि हे नुसतं कलाकाराचं लाडकं मत नाही. खिडकीत कबुतर येतं ना? फोनवर स्लो-मोशन लावा आणि ते उडतानाचा व्हिडिओ काढा. आधी ते खाली दबतं, मग पाय ताठ करून स्वतःला वर फेकतं, आणि तेव्हा कुठे पंखांचं खरं काम सुरू होतं. जमिनीवरून उठताना पक्ष्याला सुरुवातीचा बराचसा वेग पायांकडून मिळतो.

आता कबुतर ठीक आहे, पण एवढा मोठा प्राणी कसा उठणार? यासाठी खराखुरा उडणारा राक्षस बघू. केट्झालकोॲटलस. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास पृथ्वीवर होता. १९७१ मध्ये डग्लस लॉसन या विद्यार्थ्याला टेक्सासमधल्या बिग बेंड नॅशनल पार्कात त्याचे जीवाश्म सापडले. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण १० मीटर, उभा राहिला तर जिराफाएवढा, आणि वजन २०० किलोच्या घरात किंवा त्याहून जास्त असावं असा अंदाज. हा जमिनीवरून उठायचा कसा, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. मायकेल हबीब यांनी २००८ मध्ये मांडलं की असे प्राणी चारही पायांवर बसून, मुख्यतः पुढच्या हातांनी, म्हणजे पंखांच्याच हातांनी, जोर काढून उसळत असावेत. दंडबैठकांतला दंड मारताना हात झटकून वर उडावं तसं. रक्त पिणारी वटवाघळं आजही जमिनीवरून अशीच उडी घेतात. दुसऱ्या काही अभ्यासकांच्या मते तो मागच्या पायांवरच उडी मारत असेल. चित्रकाराला दोन्ही मतं उपयोगी आहेत, कारण दोघंही एकच सांगतात: आधी उडी, मग उड्डाण.

दोन पाय की चार?

इथे ड्रॅगनवाल्यांचं जुनं भांडण येतं. चार पाय आणि वर दोन पंख, म्हणजे सहा अवयव? की दोन पाय आणि पंख हेच हात? 'द हॉबिट'च्या चित्रपटांत स्मॉग नावाच्या ड्रॅगनची रचना पहिल्या भागानंतर बदलली. २०१३ च्या दुसऱ्या भागात तो दोन पायांचा आणि पंखांनाच हात म्हणून वापरणारा झाला.

मीही तेच निवडलं. कारण सोपं आहे. पंखाचं मनगट खडकावर रोवलं की बघणाऱ्याला एकाच जागी दोन गोष्टी दिसतात: हा हात आता जमिनीला धरून आहे, आणि हाच हात थोड्या वेळानं आभाळात असणार आहे. सगळा ताण त्या मनगटात येतो. खांदे वर, छाती खाली, वजन मागच्या पायांच्या पुढे सरकलेलं. पंखांची लांब बोटं मिटलेली, फक्त पडद्याची कड वाऱ्यानं सुटून फडफडतेय.

आणि खडकावर मी ओरखडे काढलेत. काळ्या बसाल्टवर नखांचे फिके ओरखडे, एकावर एक, बरेच. म्हणजे तो इथे बऱ्याच वेळापासून पाय बदलतोय, जागा नीट करतोय. माझ्या मते चित्रातली सगळ्यात आसुसलेली गोष्ट ते ओरखडेच आहेत.

वादळ शत्रू आहे का?

आता मुख्य मुद्दा. आपण वादळ म्हटलं की धोका समजतो. वादळ असूनही तो उडणार, किती शूर! पण थोडं फिजिक्स लावून बघा. पंखाला मिळणारी उचल, म्हणजे लिफ्ट, हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पंखावरून जाणाऱ्या हवेचा वेग दुप्पट, तर उचल चौपट. समोरून ताशी ७० किलोमीटरचा वारा येत असेल, तर ड्रॅगन उभ्या जागी असतानाच त्याच्या पंखांवरून ताशी ७० किलोमीटरची हवा वाहते. फुकट! विमानं वाऱ्याकडे तोंड करून उडतात ती याचसाठी.

दक्षिणेकडच्या समुद्रांवरचा वाँडरिंग अल्बाट्रॉस बघा. पंख साडेतीन मीटरपर्यंत लांब. वारा असला की हा पंख जवळजवळ न हलवता प्रचंड अंतर कापतो. आणि वारा पडला की? बिचारा पाण्यावर बसून राहतो. एवढं धूड नुसत्या पंखांच्या जोरावर उचलणं फार महाग पडतं.

हे कळल्यावर माझ्या चित्राची गोष्टच बदलली. माझा ड्रॅगन म्हातारा आणि जड आहे. शांत हवेत त्याला उडता येत नाही. तो महिनोन्महिने याच वादळाची वाट बघत होता. तो वादळ असूनही उडत नाही, वादळ आलं म्हणून उडणार आहे. डोळ्यांत भीती नको, रागही नको. स्टँडवर शेवटची एसटी वळताना दिसल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते हवं.

मग जागाही ठरली. पावसाळ्यात नाणेघाटात गेलात तर पाण्याची धार खाली पडायच्या ऐवजी वर उडताना दिसते. कोकणाकडून येणारा वारा कड्याला आपटतो आणि वर चढतो, तो पाण्यालाही उचलतो. म्हणून माझा ड्रॅगन सह्याद्रीच्या अशाच एका कड्यावर, पश्चिमेला तोंड करून बसलाय. त्याच्या शेजारीच एक छोटा उलटा धबधबा आहे. वारा वर चढतोय हे तोच सांगतो, ड्रॅगनला वेगळं सांगावं लागत नाही.

उजेड आणि ढग

थोडं तंत्राचं बोलतो. कॅनव्हास ४००० बाय २५०० पिक्सेल. पहिले दोन आठवडे रंग नाही, फक्त तीन राखाडी छटा: क्षितिजाजवळची फट फिकी, आभाळ मधलं, ड्रॅगन गडद. चित्र अंगठ्याच्या नखाएवढं छोटं करून बघायचं. तेवढ्या आकारातही "हा आता उसळणार" असं वाटलं, तरच पुढे जायचं. कारण शेवटी लोक ते फोनवर, स्क्रोल करतानाच बघणार आहेत! रंग नंतर वेगळ्या लेयरवर. क्षितिजाच्या फटीतला उजेड पंखाच्या पातळ पडद्यातून येतो तिथे तांबूस छटा आणि शिरा. टॉर्चवर बोटं धरल्यावर दिसतात तशा.

विजेचं काय? विल्यम जेनिंग्ज यांनी १८८२ मध्ये फिलाडेल्फियात विजेचे फोटो काढले, तेव्हा दिसलं की चित्रकार काढत आले ती करवतीसारखी कोनाकोनांची वीज खरी नसते. खरी वीज फाटे फुटलेली, झाडाच्या मुळांसारखी असते. माझ्या चित्रात ती ढगाआड आहे, नुसता उजेड दिसतो. समोर आणली असती तर सगळ्यांची नजर तिनंच खाल्ली असती आणि मनगटाकडे कुणी बघितलंच नसतं.

ढगांसाठी मी चीनच्या चेन रोंग यांची 'नऊ ड्रॅगन' ही गुंडाळी पुन्हा पुन्हा बघितली. काळ १२४४, कागदावर शाई, आता बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. चिनी परंपरेत ड्रॅगन पावसाशी जोडलेला असतो, आणि या ड्रॅगनना पंख नाहीत. अंग अर्धं ढगांत, अर्धं बाहेर. जे दिसत नाही ते आपलं मन पूर्ण करतं. म्हणून माझ्या ड्रॅगनचा पलीकडचा पंख मी धुक्यात विरघळू दिला. वरच्या लेयरवर मऊ ब्रश, ओपॅसिटी कमी. बस.

मग दहा सेकंदांचं काय?

आता तो प्रश्न. माझा मावसभाऊ बारावीला आहे, चित्रं मस्त काढतो. त्यानं मला विचारलं, "दादा, एआय आलंय, आता ड्रॉइंग शिकू की सोडून देऊ?" घरचेही तेच विचारतायत. हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही हा.

नोकरीची हमी मी त्याला दिली नाही, खोटं कशाला बोलू? मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, मशीन काय करतं ते रोज बघतो. पण एक प्रयोग आम्ही दोघांनी केला. हाच विषय एआयला दिला आणि मिळालेली काही चित्रं समोर ठेवली. सुंदर होती. मग त्याला म्हटलं, "वारा कुठून येतोय सांग." एका चित्रात गवत डावीकडे वाकलेलं, पाऊस उजवीकडे. दुसऱ्यात पंख पूर्ण पसरलेले आणि मागचा पाय खडकावर नुसता टेकवलेला, वजनच नाही. त्यानं दोन मिनिटांत पाच गोष्टी दाखवल्या. उद्या नवं मॉडेल कदाचित वाराही बरोबर दाखवेल. पण त्याला त्या दिसल्या, त्या कशामुळे? चार वर्षं पाय, गवत आणि पाऊस काढत बसल्यामुळे. ती नजर दहा सेकंदांत येत नाही. पुढे ब्रश धर नाहीतर प्रॉम्प्ट लिही, काय चुकलंय आणि काय हवंय हे सांगणारा माणूस लागणारच. म्हणून म्हटलं, शीक. सोडू नकोस. आणि अभ्यासही कर, नाहीतर मावशी मला घरात घेणार नाही!

या आठवड्याचा गृहपाठ

आयबिस पेंट एक्स फोनवर चालतं, फुकटची आवृत्ती पुरे आहे. बोटानं काढा, स्टायलस लागत नाही. तीन राखाडी छटा घ्या. आधी बाणानं वाऱ्याची दिशा काढा. मग एक पाय, जमिनीत रुतलेला. ड्रॅगन नको असेल तर घार काढा, कबुतर काढा, खो-खोचा खेळाडू काढा. पंख सगळ्यात शेवटी, आणि तेही मिटलेले. पंधरा मिनिटांत थांबा. हे ॲप चित्र काढतानाचा व्हिडिओ आपोआप साठवतं. तो परत बघा आणि स्वतःला विचारा, हा कोणत्या क्षणी उडायला तयार झाला?

माझ्या ड्रॅगनची शेपटी अजून बाकी आहे. या रविवारी तिला हात घालतो. तोपर्यंत पाऊस आला तर खिडकी लगेच बंद करू नका, गवत कुठे झुकतंय ते बघून घ्या. चला, भेटू पुढच्या भागात!