मामाचा रस्ता यादीत शेवटी का आला?

आजचा भाग माझ्या मामामुळे झालाय, आणि मामाला पॉडकास्ट म्हणजे काय हे अजून नीट माहिती नाही. तेव्हा श्रेय त्याला, चुका माझ्या.

दिवाळीत मी आजोळी गेले होते. फाट्यापासून गाव साडेतीन किलोमीटर आत. रस्ता कधीकाळी डांबरी होता, हे आता फक्त ज्यांनी तो पाहिलाय तेच सांगू शकतात. पावसाळ्यात एसटी फाट्यावरच सोडते, पुढे चालत. मामा म्हणाला, "काय गं, तू एवढी कॉम्प्युटरवाली. कुठला रस्ता आधी करायचा हे कॉम्प्युटरला सांगता येत नाही का? आमचा किती वर्षं मागं राहायचा?"

मला वाटलं, सोपं आहे की! रस्त्यांची यादी, प्रत्येकाची अवस्था, दुरुस्तीचा खर्च, रोजची वाहनं आणि एकूण बजेट. पैसा मर्यादित, त्यात जास्तीत जास्त फायदा बसवायचा. कॉलेजात अल्गोरिदमच्या विषयात नॅपसॅक प्रॉब्लेम शिकलेल्यांना लगेच ओळखता येईल. पुण्याला परत आल्यावर दोन रात्री बसून पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. आकडे काही खरे, बाकी अंदाजाचे. आणि रन केल्यावर मामाचा रस्ता सगळ्यात शेवटी. मी दोनदा बग शोधला. बग नव्हता.

म्हणून मग वाचायला बसले की जगात हे कसं ठरवतात. विशेषतः आपल्यासारख्या देशांत, जिथे रस्ते भरपूर बांधले जातात आणि सांभाळायला पैसा कधीच पुरत नाही.

आधी एक हिशोब करू. यातले दर मी सोयीसाठी धरलेत. समजा हातात 1 कोटी 20 लाख रुपये आहेत. पूर्ण उखडलेला रस्ता नव्याने करायला किलोमीटरला 60 लाख लागतात. आणि जो रस्ता अजून बरा आहे, वरून नुसत्या बारीक भेगा दिसतायत, त्यावर नवीन थर द्यायला 10 लाख. म्हणजे एकतर 2 किलोमीटर वाईट रस्ता नवा करा, नाहीतर 12 किलोमीटर बरा रस्ता वाचवा. आपलं मन लगेच म्हणतं, वाईट आधी! पण ते 12 किलोमीटर तसेच सोडले तर काही वर्षांत तेही 60 लाखांच्या रांगेत येऊन बसतात. 12 गुणिले 60, म्हणजे 7 कोटी 20 लाख. 1 कोटी 20 लाख खर्च करून आपण 2 किलोमीटर मिळवले आणि 7 कोटी 20 लाखांचं नवीन काम मागे लावून घेतलं.

याचं कारण रस्ता खराब होण्याच्या पद्धतीत आहे. तो रोज थोडा थोडा, सरळ रेषेत खराब होत नाही. डांबरी रस्ता पहिली दहा-पंधरा वर्षं इतका हळू झिजतो की चालवणाऱ्याला कळतही नाही. मग एका टप्प्यानंतर भसकन खाली जातो. भेगेतून पाणी आत शिरतं, खालची खडी-मुरुमाची थर भिजून ढिली होते, आणि एका पावसाळ्यात खड्डा. आपल्याकडच्या काळ्या मातीत तर बघायलाच नको. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, वरचा रस्ता तिच्यासोबत हलत राहतो. गंमत म्हणजे दुरुस्तीची खरी वेळ तेव्हाच असते जेव्हा रस्ता चांगला दिसत असतो. आता चांगल्या दिसणाऱ्या रस्त्यावर पैसे खर्च करणाऱ्या नेत्याला गावात काय ऐकावं लागेल, तुम्हीच सांगा.

जागतिक बँकेने 1988 मध्ये 85 विकसनशील देशांतल्या रस्त्यांचा अभ्यास छापला. त्यांचा निष्कर्ष असा की तोपर्यंत बिघडलेले रस्ते परत उभे करायला 40 ते 45 अब्ज डॉलर लागतील, आणि वेळच्या वेळी देखभाल केली असती तर हेच काम 12 अब्जांच्या आत भागलं असतं. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे जो मला जास्त टोचला: देखभालीत वाचवलेल्या प्रत्येक डॉलरमागे वाहनं चालवणाऱ्यांचा खर्च दोन ते तीन डॉलरने वाढतो. म्हणजे सरकार वाचवतं ते खरं तर आपल्या टायरमधून, शॉकॲब्झॉर्बरमधून आणि डिझेलमधून जातं. फक्त ते कुठल्याच बजेटच्या पुस्तकात दिसत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रस्ते संस्थेचा अंदाज तर असा आहे की तीन वर्षं दुर्लक्ष केलं की दुरुस्तीचा खर्च सहापट होतो, पाच वर्षांनी अठरापट.

सॉफ्टवेअरमधल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. आम्ही याला टेक्निकल डेट म्हणतो. पण आमच्याकडे सर्व्हर पडला की दहा मिनिटांत सगळ्यांचे फोन वाजतात. रस्ता पडायला सात वर्षं घेतो, आणि तेवढ्यात इंजिनिअरची बदली झालेली असते.

बरं, ही गणितं करणारं सॉफ्टवेअर कुठून आलं? मला वाटलेलं हे सगळं अमेरिकेत झालं असेल. पण मुळातले मोठे प्रयोग झाले केनिया, ब्राझील, कॅरिबियन बेटं आणि भारतात. सत्तरच्या दशकात केनियातल्या रस्त्यांवर मोजमापं घेतली गेली, की कुठल्या रस्त्यावर किती ट्रक गेल्यावर तो किती खडबडीत होतो, आणि त्या खडबडीतपणामुळे ट्रकचं किती इंधन, किती टायर जातं. मग ब्राझीलमध्ये याहून मोठा अभ्यास. भारतात दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने तसाच अभ्यास केला. रस्त्याचा खडबडीतपणा मोजायची जी पट्टी आज जगभर वापरतात, आयआरआय, ती ठरली 1982 मध्ये ब्राझीलला झालेल्या प्रयोगातून. या सगळ्यातून जे मॉडेल तयार झालं, त्याची आजची आवृत्ती म्हणजे एचडीएम-फोर. त्यात प्रत्येक रस्त्याचा तुकडा टाकायचा. ते दरवर्षी किती भेगा, किती खड्डे, किती खडबडीतपणा वाढेल ते काढतं, वाहनांचा खर्च काढतं, आणि बजेट दिलं की कुठल्या वर्षी कुठे काय करायचं ते सांगतं. माझी दोन रात्रींची स्क्रिप्ट म्हणजे त्याचं शेंबडं पोर.

पण मॉडेलला खायला डेटा लागतो. आणि डेटात सगळ्यात जास्त खोटं कुठे असतं माहितीये? ट्रकच्या वजनात. 1958 ते 1960 मध्ये अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून बघितलं, तेव्हा निघालं की रस्त्याचं नुकसान साधारण एक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. अर्धा टन एक्सलची कार आणि दहा टन एक्सलचा ट्रक. वजन 20 पट, नुकसान 20 चा चौथा घात, म्हणजे 1 लाख 60 हजार पट. तुमच्या स्कूटीने रस्ता खराब होत नाही, निश्चिंत राहा. आपल्याकडे 2018 मध्ये मागच्या चार टायरच्या एक्सलची कायदेशीर मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. ऐकायला सव्वा टनाची वाढ. चौथा घात काढा, नुकसान 60 टक्क्यांच्या आसपास वाढतं. आणि हे कायद्याने भरलेल्या गाडीचं. ऊस भरलेली ट्रॉली वजनकाट्यावर जाताना पाहिलीय ना? ती तर साखर कारखान्याच्या काट्यावर जाते, रस्त्याच्या हिशोबात येतच नाही.

आता पैसा. इथे एक मराठी माणूस येतो. पुणे विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे, बरोबर? त्याच बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली 1927 मध्ये भारतातल्या रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. समितीने सुचवलं की पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. जो रस्ता वापरेल तो पंपावर पैसे भरेल, इतकी साधी कल्पना. पण पैसा वेगळा ठेवणं आणि वेगळा राहू देणं यात फरक आहे. 2018 मध्ये या निधीच्या नावात रस्त्यांसोबत पायाभूत सुविधा आल्या आणि खर्चाचं कुंपणही तेवढंच रुंद झालं.

नव्वदच्या दशकात आफ्रिकेत हीच कल्पना नव्या रूपात आली. यावेळी बांधकामासाठी नाही, फक्त देखभालीसाठी. केनियाने 1993 मध्ये इंधनावर रस्ते देखभाल आकार लावला आणि 1999 च्या कायद्याने तो सांभाळायला स्वतंत्र मंडळ केलं. घानाने 1997 मध्ये, टांझानियाने त्याच सुमारास असेच निधी उभे केले. अर्थमंत्र्याने दरवर्षी कात्री लावायची नाही, पैसा थेट खात्यात. आणि खरंच, जिथे हे नीट चाललं तिथे देखभालीला ठरलेला पैसा ठरल्या वेळी मिळू लागला. कंत्राटदारासाठी हे फार मोठं असतं, कारण बिल वेळेवर मिळणार नाही हे माहीत असलं की तो आधीच दर चढवून भरतो.

युगांडाने 2008 मध्ये कायदा केला, पण पंपावरचा पैसा थेट निधीत जायची वाट कधी मोकळी झालीच नाही. तिजोरी देईल तेवढंच. घानाने 2017 मध्ये अशा राखीव निधींवर मर्यादा घालणारा कायदाच आणला. आणि केनिया! तिथे 2024 मध्ये आकार लिटरमागे 18 शिलिंगांवरून 25 वर गेला. वाटेल, वा, देखभालीला जास्त पैसे. पण 2025 मध्ये त्या वाढलेल्या 7 शिलिंगांवर कर्ज उभारलं गेलं, कंत्राटदारांची थकलेली बिलं भागवायला. पुढच्या खड्ड्यांचे पैसे मागच्या बांधकामावर. मी केनियाला नावं ठेवत नाहीये. थकलेले कंत्राटदार बुडाले तर पुढचं कामही थांबतं, त्यामुळे निर्णय वेडगळ नव्हता. पण कुंपण घातलेला पैसा हा कर्ज काढायला सगळ्यात सोयीचा पैसा असतो, हे मला तिथे कळलं.

आपल्याकडे या आजाराचं आणखी एक जुनं कारण होतं. 2017-18 च्या बजेटपर्यंत सरकारी खर्चाचे दोन कप्पे असायचे, योजना आणि योजनेतर. नवा रस्ता म्हणजे योजना, म्हणजे विकास. देखभाल योजनेतर, पगार-पेन्शनच्या शेजारी. काटकसर करायची वेळ आली की कात्री कुठे लागायची ते सांगायला नको. कप्पे गेले, सवय राहिली. नारळ नव्या रस्त्याचाच फुटतो. गटार साफ केल्याचा नारळ फोडताना मी कुणाला पाहिलेलं नाही. त्यातल्या त्यात ग्रामसडक योजनेत, जी 2000 मध्ये सुरू झाली, एक चांगली अट आहे: ज्या कंत्राटदाराने रस्ता बांधला त्यानेच पाच वर्षं सांभाळायचा. आणि आता ई-मार्ग नावाच्या प्रणालीत इंजिनिअरने जागेवर जाऊन लोकेशनसकट फोटो टाकायचा, रस्त्याच्या अवस्थेला गुण द्यायचे, आणि त्यावर पैसे. किती खडी टाकली याचे नाहीत, रस्ता कसा आहे याचे. मला ही कल्पना मनापासून आवडते. सहाव्या वर्षी रस्ता राज्याच्या अंगावर येतो, आणि मामाचा रस्ता अशाच कुठल्यातरी सहाव्या वर्षात हरवला.

तर आता मामाचा प्रश्न. स्क्रिप्ट चुकली नव्हती, पण तिला मी जे विचारलं ते अपुरं होतं. ती फायदा मोजते वाहनांच्या वाचलेल्या खर्चात. मामाच्या रस्त्यावर वाहनं कमी. का कमी? रस्ता वाईट म्हणून! एसटी येत नाही, टेम्पोवाला जादा भाडं मागतो, टोमॅटो फाट्यापर्यंत दुचाकीवर जातो. मॉडेल हे बघून म्हणतं, इथे कुणी येत-जात नाही, सोडा. आणि बाळंतीण बाई वेळेत दवाखान्यात पोचली का, याचा त्या हिशोबात रकानाच नाही.

मग मी प्रश्न बदलला. बजेटचा एक छोटा हिस्सा आधी बाजूला काढला, आणि अट घातली की प्रत्येक गावाला बाराही महिने निदान एक गाडी जाईल. गुळगुळीत नको, कारपेट नको. फक्त जिथे वाट तुटते तिथलं काम. उरलेला पैसा पुन्हा गणिताच्या हवाली, चांगले रस्ते वाचवायला. माझ्या आकड्यांत हा बाजूला काढलेला हिस्सा अपेक्षेपेक्षा कितीतरी लहान निघाला. साडेतीन किलोमीटरपैकी खरी अडचण दोनच जागी होती: ओढ्यावरची बुजलेली मोरी, आणि शाळेपुढचा शंभरेक मीटरचा चिखल.

जुन्या काळी यासाठी मैलकुली असायचा. ठराविक लांबीचा रस्ता त्याचा. चारी उकरायची, साइडपट्टी भरायची, मोरीत अडकलेला पालापाचोळा काढायचा. केनियातही 1974 पासून ग्रामीण रस्त्यांवर हीच पद्धत होती, रस्त्याकडेच्याच माणसाला दीड-दोन किलोमीटर नेमून द्यायचे. आमच्या भागातला मैलकुली निवृत्त झाला, जागा भरली नाही. त्याचा पगार वाचला.

मी मामाला फोन केला. सांगितलं, "मामा, अख्खा रस्ता मागू नका. मोरी आणि चिखल एवढंच मागा, लेखी, फोटो लावून, पावसाळ्याच्या आधी. आणि मार्च एंडच्या आधी द्या."

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे रस्ता नाहीच होणार."

मी म्हटलं, "पूर्ण नाही होणार, मामा. एसटी येईल."

"एसटी आली तर बघू," म्हणाला. अर्ज फेब्रुवारीत दिलाय. पोच मिळाली, तिचा फोटो मला व्हॉट्सॲपवर आलाय. मोरी अजून तशीच आहे.