खुर्ची आणि माणूस

(देवस्थानच्या वर्धापनोत्सवात सायंकाळच्या सभेत केलेले भाषण)



श्रींच्या चरणी वंदन करून आरंभ करतो. नोकरीतील निराशेविषयी मी चार शब्द सांगावेत, अशी समितीची आज्ञा झाली. मी मानसशास्त्रज्ञ नव्हे. मुंबईच्या खाजगी कंपन्यांत आयुष्य वेचून गावी परतलेला एक निवृत्त मनुष्य आहे. तेव्हा उपदेशापेक्षा अनुभव सांगणे मला अधिक साजेल.

१९९४ साली आमच्या कंपनीत विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. ती मलाच मिळणार, असे सर्व जण धरून चालले होते. घरी पेढेही आणून ठेवले होते. जागा मिळाली माझ्याहून सहा वर्षांनी कनिष्ठ असलेल्या गृहस्थांना. त्या दिवसापासून मी घरात बोलेनासा झालो. राजीनाम्याचा कागद खिशात घालून तीन आठवडे हिंडलो. शेवटी एका वयोवृद्ध सहकाऱ्यांनी सांगितले, "राजीनामा द्यायचा तर अवश्य द्या, पण रागाच्या दिवशी देऊ नका. आधी कारण विचारा."

कारण विचारणे हे अपमान गिळण्याहून कठीण असते. तरी मी विचारले. वरिष्ठांनी तीन कारणे सांगितली. पहिले, नव्या कारखान्यातील यंत्रांची माहिती त्या गृहस्थांना होती, मला नव्हती. दुसरे, मी बैठकांत फारसा बोलत नाही. तिसरे, मी हाताखालच्या माणसांवर काम सोपवीत नाही, सारे स्वतःच करीत बसतो. पहिल्यात माझा दोष नव्हता. दुसरे मला आजही अन्यायाचे वाटते. त्याविषयी मी एकदा लेखी म्हणणे मांडले आणि तो विषय संपविला. तिसरे मात्र खरे होते. माझी पत्नी हेच मला दहा वर्षे सांगत आली होती!

निराशेची अशी वाटणी केली की तिचे ओझे निम्मे होते. जे परिस्थितीचे ते परिस्थितीकडे सोडावे, जे अन्यायाचे त्याविरुद्ध सभ्यपणे बोलावे आणि जे आपले ते सुधारावे. ती बढती मला पुढेही मिळाली नाही. चार वर्षांनी मी दुसऱ्या कंपनीत लहान हुद्द्यावर गेलो. तेथे माझ्या हाताखाली तयार झालेली माणसे आज मोठ्या जागांवर आहेत, आणि त्याचे समाधान त्या हुकलेल्या खुर्चीहून मोठे आहे.

आजच्या तरुणांची परीक्षा आमच्याहून कडक आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे १९८१ ते २००१ पर्यंतचे प्रमुख जॅक वेल्च ह्यांनी कर्मचाऱ्यांची वरचे २०, मधले ७० आणि खालचे १० टक्के अशी प्रतवारी रूढ केली. पुढे अनेक कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. ह्या मापात दहाही जणांनी उत्तम काम केले तरी एकाला शेवटचा ठरावेच लागते. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची प्रतवारी २०१३ मध्ये सोडून दिली. सांगायचे एवढेच की, वर्षाअखेरीस मिळणारा शेरा हा त्या मापाचाही शेरा असतो. तो आपल्या संपूर्ण योग्यतेचा निवाडा नव्हे.

तथापि सर्व काही मनाच्या समजुतीने भागत नाही. कामावरील दीर्घकाळच्या ताणातून येणाऱ्या बर्नआउट ह्या अवस्थेची दखल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या वर्गीकरणात घेतली आहे. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटकपणा वा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे. ती दिसू लागली की विश्रांती घ्यावी, डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मदत मागण्यात कमीपणा नाही.

आता थोडे आपल्याविषयी. माझ्या पुतण्याला एका कंपनीने कामावरून कमी केले. त्यानंतर दोन वर्षे तो जत्रेला आला नाही. विचारले तेव्हा म्हणाला, "काका, देवाला सामोरे जायला संकोच नाही, पंगतीत बसले की सगळे विचारतात, हुद्दा काय आणि पगार किती?" बंधुभगिनींनो, ते विचारणाऱ्यांत मीही होतो.

वास्तविक खुर्ची आणि माणूस वेगळे मानण्याचा धडा ह्याच मंडपात गिरविला जातो. आपली समिती तीन वर्षांची. कालचे अध्यक्ष आज महाप्रसादाच्या पंगतीत भात वाढताना दिसतात आणि त्यांचा मान तिळभरही उणावत नाही. पालखी वाहणारा थकला की दुसरा पुढे होऊन खांदा देतो. थकलेल्याला कोणी नावे ठेवीत नाही. देवाच्या दारी जे आपण सहज करतो, ते आपल्या मुलांच्या बाबतीत का करू नये?

येत्या जत्रेला मुंबई-पुणे-बेंगळुरूहून मुले येतील. त्यांना हुद्दा विचारू नका. "बरा आहेस ना? जेवलास का?" एवढेच विचारा. पुढचे ती आपणहून सांगतील. माझा पुतण्या ह्या वर्षी आला आहे. मागे वाढपाच्या कामात आहे.

श्री आपणा सर्वांचे कल्याण करोत, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.