खोलीची अनामत आणि आपली वही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने मला 'पंचवीस वर्षांतील आठवणी' असा विषय दिला आहे. आठवणी पुष्कळ आहेत. पहिल्या वर्षी रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात चपला हातात घेऊन यावे लागे, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. 2018 चा उन्हाळा तर कोणीच विसरणार नाही. निळोणा आणि चापडोह दोन्ही आटले, नळ बंद झाले आणि टँकर आला की जिना उतरताना गुडघे आठवायचे नाहीत. तेव्हा टँकरचे पैसे ज्याला जमले त्याने आधी भरले, ज्याला नाही जमले त्याने नंतर दिले. हिशेबाची वही माझ्याकडे होती. त्यात एक रुपयाही बुडाला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आज मला एकच आठवण सविस्तर सांगायची आहे. ती आपल्या जिन्याची आहे. म्हणजे जिना झाडणाऱ्या मावशींची. लहान मुलांना त्या आठवणार नाहीत, कारण गुडघे गेल्यावर त्यांनी काम सोडले. पण पंधरा वर्षे आपला जिना त्यांनी स्वच्छ ठेवला.

2022 च्या जून महिन्यात एका सकाळी त्या माझ्या दाराशी आल्या. सोबत मुलगी होती. मुलीचे सासर कळंब तालुक्यातले. नवरा शेतकरी होता, कर्जापायी त्याने जीव दिला. ती मुलाला घेऊन आईजवळ आली. दोघी विधवा, एक नातू आणि उमरसऱ्याकडे एक खोली. आईला श्रावणबाळ योजनेचे आणि मुलीला संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान होते. तेव्हा दोघींचे मिळून महिन्याला दोन हजारांच्या आसपास येत. येत म्हणजे कधी दरमहा, तर कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम. रेशनचे धान्य मिळे. दिवाळीपासून पुढे मुलगी कापूस वेचायला जाई, तेवढीच वरची कमाई.

मावशी म्हणाल्या, "साहेब, घरमालक वारले. पोरांनी घर विकलं. नवा मालक म्हनते महिन्याभरात खाली करा. वाघापूरले खोली पाह्यली, पंधराशे भाडं. पन सहा हजार डिपाझिट मागते. मले बँकेतून काही भेटन का?"

जुन्या खोलीचे तीन हजार होते की, मी म्हटले. त्या म्हणाल्या, "होते. पावती नाही." जुना मालक भला माणूस होता, त्याने पावती दिली नाही आणि यांनी मागितली नाही. नव्या मालकाने सरळ हात वर केले. विषय संपला.

मी त्यांना काय उत्तर दिले ते प्रामाणिकपणे सांगतो. मी म्हणालो, "मावशी, बँकेत यासाठी योजना नाही."

हे उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदा दिले नव्हते. मी एका ग्रामीण शाखेत असताना, साधारण 1996 साली, अशीच एक बाई आली होती. मुलाला यवतमाळला शिकायला ठेवायचे म्हणून खोली घ्यायची होती. तेव्हा आमच्याकडे डीआरआय योजना होती, 1972 पासूनची. अगदी गरिबांना चार टक्के व्याजाने कर्ज. पण ते शेळी, शिलाई मशीन, भाजीची गाडी अशा उत्पादक कामासाठी. खोलीच्या अनामतीतून उत्पन्न काय निघणार? मी तिला नियम समजावून सांगितला आणि पुढचा नंबर पुकारला. नियम बरोबरच होता. पण त्या मुलाचे पुढे काय झाले हे मी कधी विचारले नाही.

या वेळी मात्र आमच्या घरातून आवाज आला. सौ. चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "योजना नाही हे सांगितलंत. आता करायचं काय ते सांगा."

मग मी दोन दिवस हिंडलो. तहसीलमध्ये निराधार विभागात विचारले. तिथले अनुदान महिन्याचे असते, एकरकमी काही नसते. कुटुंबातला कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्याचे वीस हजार मिळतात, पण ते मृत्यूनंतरचे, एकदाच. घरकुल योजना घर बांधायला पैसे देतात, भाड्याने घ्यायला नाही. जनधन खात्यावर दोन हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्ट विनाअट मिळतो असा नियम आहे. आई पासष्टच्या पुढची, ती बाद. मुलीसाठी शाखेत गेलो, तर 'अर्ज ठेवून जा' म्हणाले. खोली खाली करायला बारा दिवस उरले होते.

आमची भाची इंग्लंडमध्ये असते. तिने फोनवर सांगितले, तिकडे सरकारी मदतीवर जगणाऱ्याला अनामतीसाठी स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करता येतो. आणि 2007 पासून मालकाला अनामत मान्यताप्राप्त योजनेत नोंदवावीच लागते. मी म्हटले, बरे आहे बाई तुमचे. आपल्याकडे सरकारने माणसाला जगायला पैसे दिले, पण ज्या दारातून आत जाऊन जगायचे, त्या दाराची किंमत कोणीच मोजलेली नाही. दोघींच्या तीन महिन्यांच्या अनुदानाएवढी ती किंमत होती.

शेवटी मी वाघापूरला खोलीमालकालाच भेटलो. चांगला माणूस होता, स्वतः किराणा दुकान चालवणारा. म्हणाला, "साहेब, भाडं थकवून लोक रात्रीतून जातात. लाईटबिल माझ्या डोक्यावर. मी चार महिन्यांचं घेतो त्यात काय चुकलं?" मग त्याने मलाच विचारले, "तुम्ही तुमच्या फ्लॅटचं किती घेता?"

माझा दुसरा फ्लॅट भाड्याने आहे, हे त्याला कोणी सांगितले कुणास ठाऊक. मी घेत होतो तीन महिन्यांचे. मी तसे सांगितले. तो म्हणाला, "मग तीन द्या."

साडेचार हजार ठरले. मुलगी बचतगटात होती. गटाने दोन हजार दिले, महिना दोन टक्क्यांनी. कुठल्याही कागदाशिवाय, एका बैठकीत. आमच्या बँकेला जे बारा दिवसांत जमले नसते ते दहा बायकांनी एका संध्याकाळी केले. उरले अडीच हजार. सोसायटीच्या फंडातून देता येत नव्हते. सभासद नसलेल्याला सोसायटी कर्ज देऊ शकत नाही, हे मीच मीटिंगमध्ये तुम्हाला अनेकदा ऐकवले आहे. म्हणून पाच घरांनी पाचशे-पाचशे दिले. बिनव्याजी, वेचणी सुरू झाली की परत करायचे. आणि थकलेल्या भाड्याला जामीन म्हणून मी सही केली. चौतीस वर्षे लोकांना 'जामीन राहू नका' सांगणारा मी.

पण एक अट मी घातली. सगळे कागदावर. आपल्या राज्यात भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवला, अनामतीची रक्कम त्यात लिहिली. त्याचा दुसरा फायदा नंतर कळला. त्याच करारावर दोघींच्या आधारचा पत्ता बदलला. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तेव्हा पत्त्याचा घोळ झाला नाही.

होळीपर्यंत पैसे परत आले. शेवटचे तीनशे राहिले तेव्हा मी म्हटले, राहू द्या मावशी. त्या रागावल्या. "भीक नाही मांगतली साहेब, उसने मांगतले होते." मी मुकाट्याने वहीत जमा केले.

तीच वही, टँकरच्या हिशेबाची. उरलेल्या पानांवर आता हा हिशेब आहे. पाचाची अकरा घरे झाली, प्रत्येकी हजार रुपये. आजवर सहा जणांना अनामतीसाठी उसने दिले. आपल्या वॉचमनला, कामाच्या बायांना, दोन विद्यार्थ्यांच्या आयांना. पाचांनी पूर्ण फेडले. एकाकडे बाराशे राहिले आहेत. ते येतील असे मला वाटत नाही, पण बँकेत असताना मी याहून मोठी आणि याहून वाईट कर्जे बुडताना पाहिली आहेत.

2023 च्या जुलैपासून निराधारचे अनुदान 1,500 झाले. चांगलेच झाले. पण खोल्यांची भाडीही वाढली आणि अनामत भाड्याच्या पटीत मागतात, त्यामुळे दार होते तिथेच आहे.

आता आपल्यासाठी दोन शब्द. आपले बरेच फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. भाडेकरू म्हणजे शिक्षक, नर्स, मेडिकल कॉलेजची मुले. केंद्राने 2021 साली आदर्श भाडेकरू कायदा तयार केला, त्यात राहत्या घरासाठी अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढी असावी असे म्हटले आहे. तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. पण चांगली गोष्ट करायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. त्या दुकानदाराच्या प्रश्नानंतर मी माझ्या फ्लॅटची अनामत दोन महिन्यांवर आणली, जादा घेतलेली रक्कम परत केली. अजून माझे काही बिघडलेले नाही. तुम्हाला विनंती एवढीच: दोन महिन्यांपेक्षा जास्त घेऊ नका, पावती द्या आणि घर सोडताना पंधरा दिवसांत हिशेब करून परत करा. तीन हजार कुणाला क्षुल्लक वाटतील. मावशींचे ते तीन हजार एका न लिहिलेल्या पावतीपायी गेले.

माझे वय झाले आहे. वही कोणी तरी तरुणाने घ्यावी. हिशेब सोपा आहे, बेरीज-वजाबाकीच्या पुढे जात नाही. खाली कार्यक्रम संपल्यावर मी टेबलाशी बसलेला आहे, वही सोबत आणली आहे.

आणि हो, मावशींना आज निमंत्रण दिले होते. त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत. नातू दहावी पास झाला, पेढे त्यांनी आणले आहेत. ते घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये.