कोंबडा आरवल्यानंतर



अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात पेत्राची ओळख करून द्यायला नको. तो गालीलचा कोळी. येशूला धरलं त्या रात्री त्याने तीनदा त्याची ओळख नाकारली, आणि कोंबडा आरवला. पुढे पुनरुत्थित येशूने किनाऱ्यावर निखारे पेटवून त्याला मासळीची न्याहारी दिली आणि प्रेमाबद्दल तीनदाच विचारलं. त्या रात्रीचा विषयही काढला नाही. कळप मात्र त्याच्याच हाती दिला.

हे एका माणसापुरतं झालं. हजारोंची पाळी आली सन २५० मध्ये. सम्राट डेसियसने हुकूम काढला : देवतांना बळी द्या, दाखला घ्या. कित्येक ख्रिस्ती घाबरले. कुणी धूप घातला, कुणी पैसे चारून नुसताच दाखला मिळवला. असे दाखले इजिप्तमध्ये सापडलेही आहेत. छळ ओसरला तशी ही माणसं परत आली. तुरुंग भोगून आलेल्यांच्या शेजारी त्यांना बसवायचं? रोमचा नोवाशियन म्हणाला, मुळीच नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन छळाच्या काळात स्वतः लपून राहिलेला. त्यावरून बोलणीही खाल्लेला. त्याने बोलावलेल्या २५१च्या धर्मसभेत ठरलं, की दाखलेवाल्यांना चौकशी करून घ्यावं आणि बळी दिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावं. नव्या छळाची चाहूल लागताच प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांनाच आत घेतलं. प्रभुभोजनाविना संकटाला तोंड देण्याचं बळ यांना कुठून येणार, हा त्यामागचा विचार. नोवाशियनचा पंथ काही शतकं टिकला, पण लहानच राहिला. ख्रिस्तसभा रक्तसाक्ष्यांमुळे वाढली असं आपण म्हणतो. मला वाटतं, या भित्र्या माणसांमुळेही वाढली.

सण अर्थात रक्तसाक्ष्यांचेच. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर गेला. त्याच टेकडीवर त्याच्यासोबत क्रुसावर गेलेल्या पॉल मिकीने मारणाऱ्यांना क्षमा केली. मिकी येशूसंघाचा; गोन्सालोला त्या संघाने प्रवेश दिला नव्हता म्हणून तो फ्रान्सिस्कन झालेला.

आणि त्याच शतकात, १५६० साली, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. वसईही त्याच्या कक्षेत होती. जुन्या धर्माची एखादी रीत पाळली म्हणून नवख्रिस्ती माणसाला धरून नेत. सत्ता हाती नव्हती तेव्हा जी क्षमा जमली, ती सत्ता आल्यावर जमली नाही. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावाखाली झालेल्या जुलमाबद्दल रोममध्ये जाहीर क्षमा मागितली. त्या प्रार्थना देवाला उद्देशून होत्या. गोव्याचं किंवा वसईचं नाव त्यांत नव्हतं.