अर्धांगवायूनंतर मिठाचा विचार

जयपूरचा मुरलीपुरा असो की आपला सातारा, अर्धांगवायूचा रुग्ण दवाखान्यातून घरी आला की ताकदीच्या गोळ्यांची चौकशी सुरू होते. कॅल्शियम द्यावे, जस्त द्यावे, की मॅग्नेशियम? ही धडपड मायेपोटी असते, पण माझ्या मते आधी पाहायला हवा तो मिठाचा डबा. एकदा झटका आलेल्याला दुसऱ्याचा धोका असतोच आणि त्यामागे बहुधा रक्तदाब असतो. सोडियम तो चढवते, पोटॅशियम उतरवायला मदत करते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाही भरणार नाही इतके मीठ सांगते. सांभर सरोवराची मिठागरे जयपूरपासून फार लांब नाहीत, आणि तिथल्या ताटात पापड हवाच. त्या पापडाच्या पिठात मीठ पडते, शिवाय पापडखार, आणि तोही सोडियमचाच क्षार. वर लोणचे नि भुजिया.

याला पुरावा आहे. चीनमधल्या 600 खेड्यांत सुमारे 21 हजार लोकांवर अभ्यास झाला. त्यांतल्या बहुतेकांना आधी झटका येऊन गेला होता. निम्म्या खेड्यांना पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले. सुमारे पाच वर्षांत तिथे झटक्यांचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी राहिले, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. तैवानमध्ये 291 रुग्णांना सहा महिने वेगवेगळे मीठ देऊन पाहिले, तेव्हा पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असलेल्या मिठाने अधिक जण चांगले सावरले. अभ्यास लहान आहे, त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. मग मॅग्नेशियम थेट शिरेतूनच का देऊ नये? तेही करून झाले. अमेरिकेत 1700 रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना रुग्णवाहिकेतच ते सुरू केले. 2015 चा निष्कर्ष असा की अपंगत्व कमी झाले नाही. म्हणून मॅग्नेशियम बाजरीच्या भाकरीतून, मुगाच्या वरणातून यावे. ठसका लागत असेल तर अन्न किती मऊ नि दाट हवे ते आधी तज्ज्ञांना विचारावे.

सैंधवाने काम भागेल असे काहींना वाटते, पण तेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच. पोटॅशियमच्या मिठावरचा आक्षेप मात्र खरा आहे: मूत्रपिंड कमकुवत असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम रक्तात साठून हृदयाची लय बिघडू शकते. तेव्हा पुढच्या तपासणीला गोळ्यांची यादी नि मिठाची पिशवी सोबत न्या, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या, आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच मीठ बदला. पापड-लोणचे मात्र आजच बाजूला ठेवा.