कृत्रिम सांध्यातील जंतुसंसर्ग : आधी निदान, मग औषध



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. रीत न मांडता नुसते उत्तर लिहिणाऱ्या मुलाची वही ते न तपासता परत करीत. वैद्यकीय व्यवसायात ती शिकवण मला पदोपदी आठवते.

सर जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात खुब्याच्या कृत्रिम सांध्याला आजचे रूप दिले. २००० साली पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली आणि हा उपचार आपल्याकडे घरोघरी ठाऊक झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. आज बोरगावसारख्या गावांतही असे सांधे बसविलेली माणसे भेटतात. त्यांतील बहुतेक सुखाने चालतात. परंतु शंभरांतील एकदोघांच्या सांध्यात जंतू शिरतात.

हा संसर्ग चिवट का असतो? जिवंत हाडाला रक्तपुरवठा असतो, धातूला नसतो. आपल्या त्वचेवर निरुपद्रवीपणे राहणारे जंतूही धातूला चिकटतात आणि विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरावे तसे स्वतःभोवती बुळबुळीत आवरण निर्माण करतात. त्या आवरणाआडच्या जंतूंवर औषधाची मात्रा सहसा चालत नाही.

तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलेल्या आपल्या भागातील एका मावशींचा गुडघा शस्त्रक्रियेनंतर आठव्या महिन्यात दुखू लागला व जखमेतून पाझर सुरू झाला. निरनिराळ्या ठिकाणांहून त्यांनी अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या. गोळी घेतली की पाझर थांबे, सोडली की पुन्हा सुरू होई. माझ्याकडे त्या आल्या तेव्हा सांध्यातील पाण्याच्या तपासणीत जंतू सापडेनात. ते मेले नव्हते, औषधाने केवळ दबले होते. गोळ्या बंद करून दोन आठवडे थांबलो, पुन्हा पाणी काढले, तेव्हा कोठे जंतूची ओळख पटली.

निदानाची रीत अशी आहे. रक्तातील ईएसआर व सीआरपी पाहावे. मात्र ते प्रमाणात आले म्हणून संसर्ग नाहीच, असे मानू नये. नंतर निर्जंतुक सुईने सांध्यातील पाणी काढून त्यातील पांढऱ्या पेशी मोजाव्यात व जंतूंची वाढ तपासावी. काही जंतू सावकाश वाढतात, म्हणून चौदा दिवस वाट पाहावी लागते. शस्त्रक्रियेच्या वेळी चार-पाच ठिकाणचे नमुने घ्यावेत. दोहोंत एकच जंतू आढळला तर निदान पक्के होते. आपल्या देशात क्षयाची तपासणीही विसरू नये.

उपचार काळावर अवलंबून असतो. लक्षणे दिसून तीन-चार आठवडेच झाले असतील व सांधा घट्ट असेल, तर तो उघडून स्वच्छ धुणे, प्लास्टिकचा भाग बदलणे आणि नंतर औषधे देणे, एवढ्यावर बहुधा सांधा वाचतो. उशीर झाल्यास सांधाच काढावा लागतो. काही रुग्णांना त्याच वेळी नवा बसविता येतो. इतरांच्या बाबतीत मध्यंतरी अँटिबायोटिकमिश्रित सिमेंटचा ठोकळा ठेवून, संसर्ग गेल्यावर नवा बसवितात. रिफाम्पिसिन हे क्षयावरचे औषध स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या आवरणावरही परिणाम करते. पण ते एकटे दिल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात.

मावशींना दोन शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या. वर्ष गेले, दावणीची म्हैस विकावी लागली. आज त्या काठी घेऊन चालतात. पहिल्याच आठवड्यात सांध्याचे पाणी तपासले असते, तर यातील बरेच काही टळले असते.

निपाणी परिसर तंबाखूचा. विडीने जखम भरून येण्यास विलंब लागतो व संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ती सोडावी, मधुमेह आटोक्यात आणावा. पुढे सांधा दुखू लागला वा जखम पाझरू लागली, तर गोळी घेण्याआधी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना गाठावे. मात्र थंडी वाजून ताप भरला, रुग्ण ग्लानीत गेला, तर क्षणभरही न थांबता रुग्णालयात न्यावे. तेथे रक्ताचा नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात.

आधी रीत, मग उत्तर, हा गुरुजींचा धडा आपण घरोघरी पोहोचवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.